मांडणी फसल्यावर : गेलेला विश्वास परत कसा येतो?



आजच्या विषयाचं नाव जरा लांबलचक आहे, तेव्हा आधी तो सोपा करून घेऊ. काही मंडळी स्वतःच्या वेळात, कुणाकडून पगार न घेता, लोकांच्या उपयोगाचं तंत्रज्ञानाचं एखादं काम उभं करतात. मग ते लोकांसमोर मांडतात आणि मांडणी फसते. लोक दुखावतात, संशय घेतात, दूर होतात. काम मुळात चांगलं असतं, पण त्याच्यासाठी आता कुणी दार उघडत नाही. अशा वेळी गेलेला विश्वास परत मिळवायचा कसा, हा आपला आजचा प्रश्न.

आणे गावात हा प्रश्न घेणं सोयीचं आहे. फुकट केलेल्या कामाची किंमत इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला इथे आमटी-भाकरीचा महाप्रसाद होतो. आमटी इथल्या कढयांत शिजते आणि भाकरी घराघरांतून, गावागावांतून येते. कोणत्या घरच्या किती भाकरी आल्या याची पावती कुणी मागत नाही. पण क्षणभर कल्पना करा. कुणीतरी बाहेरून येऊन म्हणालं, ‘यंदा आम्ही हजार नवे लोक भाकरी करायला बसवतो,’ आणि त्या हजारांपैकी बहुतेकांनी आयुष्यात कधी पीठ मळलेलं नाही. कच्च्या, करपलेल्या भाकरींचा ढीग पंगतीत येऊन पडला. तो ढीग निवडणार कोण? वर्षानुवर्षं राबणारी तीच जुनी माणसं. आणि त्यांना राग कशाचा येईल? कच्च्या भाकरीचा थोडाच. खरा राग येईल तो याचा, की आपल्याला कुणी विचारलंच नाही.

अगदी अशी गोष्ट आपल्या पुण्यात २०११ साली घडली. आज तिचाच आधार घेऊन बोलू.

विकिपीडिया सगळ्यांना ठाऊक आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. इंग्रजी त्याआधी, २००१ मध्ये. हे ज्ञानकोश लिहिणारे लोक स्वयंसेवक आहेत. कुणीही लेखात भर घालू शकतो, आणि कुणी घातलेली भर दुसरा कुणी तपासू शकतो. प्रत्येक पानामागे ‘इतिहास’ नावाची खिडकी असते. कोणत्या खात्यातून, किती वाजता, कोणता शब्द बदलला, हे सगळं तिथे दिसतं. नियम तसे थोडेच आहेत, पण पक्के आहेत. मजकूर स्वतःच्या शब्दांत लिहायचा, संदर्भ द्यायचा, दुसऱ्याचं लिखाण उचलून चिकटवायचं नाही.

हा शेवटचा नियम इतका कडक का, हे समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच झाला. विकिपीडियावरचा मजकूर मुक्त परवान्याखाली असतो. तो कुणीही घ्यावा, छापावा, वाटावा. आता त्यात कुणी एखाद्या प्रकाशकाच्या पुस्तकातली चार पानं चिकटवली, तर आपण दुसऱ्याची वस्तू ‘घ्या, फुकट आहे’ म्हणून जगाला वाटतो. पुढे ती वापरणारा निरपराध माणूसही अडचणीत येतो. म्हणून एक चिकटवलेला परिच्छेद सापडला, की तो लिहिणाऱ्याची बाकीची सगळी भर तपासावी लागते. शाळेत गृहपाठाची नक्कल केली तर नुकसान त्या मुलाचं. इथे नुकसान सगळ्या पंगतीचं.

विकिमीडिया फाउंडेशन ही विकिपीडियाची व्यवस्था पाहणारी अमेरिकेतली संस्था. तिने २०१०-११ मध्ये अमेरिकी विद्यापीठांत एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांनी वर्गातल्या अभ्यासाचा भाग म्हणून विकिपीडियावर लेख लिहायचे. प्रयोग बरा झाला. संस्थेच्या पुढच्या आराखड्यात भारत अग्रक्रमावर होता, म्हणून पहिला मोठा प्रयोग २०११ मध्ये पुण्यात आणला. अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सिम्बायोसिस स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स यांसारख्या संस्थांतले विद्यार्थी त्यात आले. त्यांची संख्या काही शेकड्यांवर गेली. त्यांच्या मदतीला महाविद्यालयांतलेच तरुण ‘कॅम्पस अँबेसेडर’ म्हणून नेमले. लिहायचं होतं ते इंग्रजी विकिपीडियावर.

थोड्याच आठवड्यांत इंग्रजी विकिपीडियाच्या जुन्या स्वयंसेवकांना दिसायला लागलं, की पुस्तकांतले आणि संकेतस्थळांवरचे परिच्छेद जसेच्या तसे लेखांत येताहेत. काढले, तर पुन्हा येताहेत. समजावलं, तर उत्तर नाही. खाती अडवावी लागली. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली माणसं दिवसभराची नोकरी करून रात्री ही सफाई करत होती. शेवटी २०११ च्या नोव्हेंबरात तो प्रयोग थांबवला गेला. योग असा, की त्याच महिन्यात १८ ते २० तारखेला मुंबई विद्यापीठात भारतातली पहिली विकिपरिषद भरत होती. एका बाजूला उत्सव, दुसऱ्या बाजूला मोडलेली घडी.

आता एक सोपं स्पष्टीकरण लगेच सुचतं : ‘मुलांनी नक्कल केली, मुलंच तशी.’ हे स्पष्टीकरण आळशी आहे. आपली परीक्षापद्धती आठवा. पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं उत्तरपत्रिकेत उतरवलं, की पूर्ण गुण. त्या मुलाला बारा-पंधरा वर्षं हेच शिकवून, एका दुपारी त्याला सांगायचं की आता स्वतःच्या शब्दांत लिही, आणि तेही इंग्रजीत! ज्या भाषेत आपण स्वप्न पाहत नाही, भांडत नाही, त्या भाषेत ‘स्वतःचे शब्द’ आणायचे कुठून? मुलाच्या दृष्टीने ते अंतर्गत गुणांचं काम होतं. ज्ञानकोश लिहितोय, जगातले लोक हे वाचणार आहेत, हे त्याच्या मनात उतरलेलंच नव्हतं.

म्हणजे दोष मांडणीत होता. पण ‘मांडणी’ या शब्दाने आपली फसगत होते. मांडणी म्हटलं की आपल्याला पडदा, चित्रं, भाषण आठवतं. मांडणी फसली की कार्यकर्ते म्हणतात, ‘आपण नीट समजावलं नाही, पुन्हा समजावू.’ नवी चित्रफीत करतात, रंगीत पत्रक काढतात. लोक आणखी दूर जातात. असं का होतं?

इथे आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांच्या पेटीतलं एक जुनं हत्यार उपयोगी पडतं. न्यायदर्शनात शब्द हे एक प्रमाण मानलं आहे. आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं कितीतरी आपण दुसऱ्याच्या सांगण्यावरून जाणतो. पण कुणाच्या सांगण्यावरून? आप्ताच्या. आप्त म्हणजे नातेवाईक असा इथे अर्थ नाही. आप्त म्हणजे ज्याचा शब्द धरावा असा माणूस. वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात त्याची लक्षणं सांगितली. एक, त्याने ती गोष्ट स्वतः जाणलेली हवी. दोन, जशी जाणली तशीच सांगावी, अशी त्याची इच्छा हवी. नीट सांगता येणं, हीही अट परंपरेने धरली आहे. आणि वात्स्यायन हेही बजावतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू. म्हणजे जन्माने, पदवीने कुणी आप्त होत नाही. दीड हजार वर्षांहून जुना हा विचार आहे, आणि आपल्या गावसभेत आजही चालेल असा आहे.

तर तीन गोष्टी : जाणणं, हेतू आणि सांगणं. विश्वास तुटतो तेव्हा या तिन्हींपैकी काहीतरी तुटलेलं असतं, आणि कोणती गोष्ट तुटली त्यावर औषध ठरतं. सांगणं तुटलं असेल तर पुन्हा, सोप्या भाषेत सांगा. जाणणं तुटलं असेल तर सांगू नका, आधी शिका. आणि लोकांना हेतूचाच संशय आला असेल तर सांगण्याने काही होत नाही. उलट, जितकं गोड बोलाल तितका संशय वाढतो. तिथे काहीतरी सोडावं लागतं. आपल्या हातातला अधिकार, आपला वेळ, आपली मोठी आकडेवारी, काहीतरी.

पुण्याच्या प्रयोगाला हे लावून पाहू.

सांगणं कच्चं होतं, हे तर उघड आहे. पण जाणणंही कच्चं होतं. शिकवायला नेमलेल्या अनेक तरुणांना स्वतःला विकिपीडियावर लिहिण्याचा फारसा अनुभव नव्हता. वर्गातल्या शिक्षकांनाही बहुधा नव्हता. पोहायला न येणारा माणूस काठावरून ‘हात मार’ एवढंच सांगू शकतो. आणि हेतूचं काय? कुणाच्या मनात कपट होतं असं आम्ही मुळीच म्हणत नाही. पण जुन्या स्वयंसेवकांना जे दिसलं ते असं : वर कुणीतरी मोठी संख्या ठरवली, ती गाठायची म्हणून शेकडो नवखे आणले, आणि त्यांच्या मागची सफाई आम्ही करणार हे गृहीत धरलं. पगारी माणसं योजना आखतात आणि बिनपगारी माणसं ती निस्तरतात, असं चित्र तयार झालं. स्वयंसेवी कामात याहून खोल जखम नाही. फुकट राबणारा माणूस पैसे मागत नाही. पण त्याचं राबणं कुणी आपल्या हिशेबात धरून टाकलेलं त्याला सहन होत नाही.

अ‍ॅनेट बायर नावाच्या तत्त्वज्ञ बाईंनी १९८६ मध्ये या विषयावर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. त्या एक बारीक भेद करतात. एखाद्यावर विसंबणं वेगळं आणि विश्वास ठेवणं वेगळं. घड्याळावर आपण विसंबतो. ते बंद पडलं तर चिडचिड होते, पण घड्याळाने दगा दिला असं आपण मनापासून म्हणत नाही. माणसावर विश्वास ठेवतो तेव्हा त्याच्या सद्भावावर आपली काही मौल्यवान वस्तू सोपवतो. म्हणून तो तुटला की दगा वाटतो. तंत्रज्ञानाचे कार्यकर्ते इथेच गफलत करतात. त्यांना वाटतं लोक यंत्रावर नाराज आहेत, म्हणून ते यंत्र दुरुस्त करतात. लोक मात्र माणसांवर नाराज असतात.

मग पुढे काय झालं? विश्वास परत आणण्याच्या दिशेने जी पावलं पडली, ती क्रमाने पाहू.

पहिलं पाऊल, थांबणं. चालू नळाखाली फरशी पुसता येत नाही. ‘एवढं सत्र होऊ दे, मग बघू,’ हा मोह मोठा असतो. तो टाळून प्रयोग बंद केला गेला. उशिरा का होईना, केला गेला.

दुसरं, नुकसान उघडपणे सांगणं. फाउंडेशनने बाहेरच्या सल्लागाराकडून पुण्याच्या प्रयोगाची पाहणी करवली आणि तो अहवाल सगळ्यांना वाचायला ठेवला. ‘काही अडचणी आल्या’ असं गुळमुळीत वाक्य आणि ‘तयारी अपुरी होती, संख्या झेपणारी नव्हती, समाजाशी आधी बोलणं झालं नाही’ असा कबुलीजबाब, यांत फार अंतर आहे. दुखावलेल्या माणसाला आपली तक्रार दुसऱ्याच्या तोंडून अचूक ऐकू आली, की अर्धा राग तिथेच उतरतो.

तिसरं, लहान होणं. पुढचा प्रयोग २०१२ मध्ये इजिप्तमध्ये, कैरोच्या विद्यापीठांत झाला. या वेळी विद्यार्थी मोजके होते. आणि ते लिहिणार होते अरबी विकिपीडियावर, म्हणजे स्वतःच्या भाषेत. मदतीला अनुभवी अरबी संपादक होते. तो प्रयोग चांगला झाला आणि पुढे चालू राहिला. पुण्यातल्या मुलांपेक्षा कैरोतली मुलं अधिक प्रामाणिक होती, असं थोडंच आहे? त्यांना त्यांचे स्वतःचे शब्द वापरू दिले, एवढाच फरक. भारतातही पुढे हाच धडा कामाला आला. बंगळुरूच्या ख्राइस्ट विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी भारतीय भाषांतल्या विकिपीडियांवर लिहिण्याचं काम केलं.

चौथं पाऊल आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. तपासण्याची सोय. नंतरच्या काळात अशा वर्गांसाठी एक उघडा फलक तयार झाला. कोणत्या वर्गातले कोणते सदस्य कोणत्या लेखात काय भर घालताहेत, हे त्यावर कुणालाही पाहता येतं. नवखे लोक येऊन थडकण्याआधीच जुन्या माणसांना ते दिसतात.

ओनोरा ओनील या ब्रिटिश तत्त्वज्ञांनी २००२ मध्ये बीबीसीच्या रीथ व्याख्यानमालेत हाच मुद्दा मांडला होता. लोकांचा विश्वास वाढवायचा, हे ध्येयच त्यांना चुकीचं वाटतं. ठगही विश्वास वाढवतो, आणि फार कुशलतेने वाढवतो. ध्येय हवं ते विश्वासपात्र होण्याचं, आणि आपण पात्र आहोत की नाही हे लोकांना ठरवता यावं यासाठी साधनं देण्याचं. नुसती माहिती ओतणं म्हणजे साधन देणं नव्हे. तीनशे पानांचा अहवाल गावात टाकला म्हणजे पारदर्शकता झाली, असं कुणी म्हणेल. पण जो वाचता येत नाही तो उघडा अहवाल आणि कुलूपबंद अहवाल, यांत गावाच्या दृष्टीने फरक काय?

आता इथल्या पठारावर या. समजा, उद्या आणे, पेमदरा, नळावणे, शिंदेवाडी इथल्या काही तरुणांनी ठरवलं की पठारावरच्या विहिरींची पाणीपातळी मोबाईलवर नोंदवायची आणि नकाशा करायचा. हेतू उत्तम. पाणी हा पठाराचा जीव. सहा महिने राबून त्यांनी ग्रामसभेत पडदा लावला. अक्षरं इंग्रजी, आलेख रंगीबेरंगी. आणि पहिल्याच नकाशावर एका आजीची कोरडी विहीर भरलेली दिसली. आजी उठून म्हणाली, ‘बाळांनो, माझ्या विहिरीत पाणी हाय? मग मला टँकर बंद व्हनार का?’ सभा संपली तिथेच. दुसऱ्या दिवशी गावात तीन वेगवेगळ्या गोष्टी पसरतात. ही माहिती सरकारला जाणार. बोअरवर बंदी येणार. पोरांना कुणीतरी पैसे देतंय.

या मुलांनी काय करावं? बहुतेक मुलं आलेख मराठीत करतील आणि पुन्हा सभा मागतील. तेही करावंच. पण आजीचा प्रश्न नीट ऐका. तिने आलेखाच्या भाषेबद्दल तक्रार केलेली नाही. तिने दोन गोष्टी विचारल्या. तुमची नोंद खरी आहे का, आणि तिचा वापर माझ्याविरुद्ध होणार का? पहिली शंका जाणण्याची, दुसरी हेतूची.

जाणण्याच्या शंकेला उत्तर विहिरीवरच द्यावं लागतं. आजीला बरोबर घेऊन दोरीला खुणा बांधा, मोजा, आणि जो आकडा येईल तो तिच्यासमोर लिहा. चुकीचा आकडा गुपचूप बदलू नका. तो खोडून शेजारी नवा लिहा, म्हणजे खोडलेलाही दिसेल. विकिपीडियाचा ‘इतिहास’ म्हणजे दुसरं काय आहे? हेतूच्या शंकेला उत्तर द्यायचं तर अधिकार सोडा. ही नोंद कुणाला द्यायची, कुणाला नाही, हे आम्ही ठरवणार नाही, ग्रामसभा ठरवेल, असं लिहून द्या. ज्याला आपल्या विहिरीची नोंद नको असेल त्याची काढून टाका, आणि खरोखर काढा. नकाशाला चार भोकं पडतील. पडू द्यात. भोकं असलेला खरा नकाशा गाव वापरील. भरगच्च नकाशा संशयात पडून राहील.

हे स्वप्नरंजन नाही. इथून लांब नसलेल्या नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचं उदाहरण घ्या. पोपटराव पवार सरपंच असताना त्या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडायला सुरुवात केली. पाऊस किती पडला ते गावातच मोजतात, विहिरींची पातळी पाहतात, आणि यंदा पाणी किती, तर पिकं कोणती, हे ग्रामसभेत ठरतं. शेतीसाठी बोअर न घेण्याचा कडक निर्णयही त्या गावाने पाळला. एवढा कडू निर्णय लोक का पाळतात? आकडा त्यांच्या विहिरीचा असतो, मोजमाप त्यांच्या डोळ्यांदेखत होतं, आणि निर्णय त्यांच्याच सभेत होतो. जाणणं, सांगणं, हेतू, तिन्ही एका जागी येतात. तिथे विश्वास ठेवा असं कुणाला म्हणावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. सगळं परत येत नाही. पुण्याच्या प्रयोगात ज्यांनी मजकूर चिकटवला ती मुलं सत्र संपल्यावर निघून गेली, आणि सफाई इतरांनी केली. ज्यांनी सांडलं त्यांनी पुसावं, हा न्याय तिथे पुरता झाला नाही. स्वयंसेवी कामात असं वारंवार होतं, कारण येणाऱ्याला जसं कुणी अडवत नाही तसं जाणाऱ्यालाही कुणी अडवत नाही. म्हणून कोणतंही काम सुरू करताना हा हिशेब आधीच करावा : फसलं तर निस्तरणार कोण, आणि त्या माणसाला आपण आज विचारलं आहे का? विचारलं नसेल तर उद्घाटनाची तारीख पुढे ढकलावी. चार महिने उशीर झाला तर कुणाचं बिघडत नाही. गावाचं मन एकदा मोडलं, की ते जुळायला मात्र वर्षं लागतात.

इथे जमलेल्या आणि पुढे हे वाचणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांना आमचं सांगणं एवढंच. तुमची मांडणी फसली, लोक उठून गेले, तर घरी येऊन लगेच नवी चित्रं काढायला बसू नका. आधी त्या उठून गेलेल्यांपैकी तिघांच्या घरी जा, आणि तुमच्या कामाबद्दल एकही वाक्य न बोलता ऐका. त्यांना कळलं नाही, की पटलं नाही, की भीती वाटली? तीन वेगळी दुखणी आहेत. चहा होईपर्यंत कोणतं ते कळेल. तिथून पुढे काय करायचं, ते आज आपण पाहिलं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.